डोळे आखलेला डबा

माझ्या मामाचं गाणं माझ्यामुळे बंद पडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना हसू येईल. लिहिताना मलाही येतं आहे, आणि हसण्याच्या नादात मूळ अपराध बाजूला राहू नये. मामाच्या गळ्यात काही बिघडलं नव्हतं. बिघाड मी केलेल्या डब्यात होता, तो मला आधीपासून माहीत होता, आणि मामाने मला तोंडावर विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्यानंतर खरं बोलायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या आणि त्यातली थोरली नोकरीलाही लागली.

डबा म्हणजे माझा सिंथेसायझर. हा शब्द तेव्हा पेणच्या आमच्या आळीत फक्त मला येत होता आणि मी तो दिवसातून निदान दहा वेळा वापरत असे. रेडिओ दुरुस्तीचा पोस्टाने येणारा कोर्स मी करत होतो. एका गणेशोत्सवात बाहेरून आलेल्या ऑर्केस्ट्रातल्या एका केसाळ माणसाने एकाच वाद्यातून व्हायोलिन, बासरी, घोड्याच्या टापा आणि आगगाडी काढलेली मी पाहिली, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. कोर्सच्या नवव्या धड्यात दोन ट्रान्झिस्टर जोडून आवाज काढायचं एक सर्किट होतं. धड्यात ते दारावरच्या घंटीसाठी दिलं होतं. मला वाटलं, घंटी एक सूर काढते, तर तेरा पट्ट्या लावल्या की तेरा सूर निघतील आणि मी ऑर्केस्ट्रात जाईन. आज माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि मला कळतं, की हा विचार तसा चुकीचा नव्हता. फक्त त्यात बऱ्याच गोष्टी राहून गेल्या होत्या.

पट्ट्यांसाठी मी कुल्फीच्या काड्या जमवल्या. दाबलेली पट्टी परत वर यावी म्हणून आईच्या केसांच्या पिना वाकवून खाली बसवल्या. त्या उन्हाळ्यात आईचा अंबाडा सारखा सुटत असे. फिरवायच्या बटणांच्या जागी टूथपेस्टची टोपणं होती, स्पीकर एका मेलेल्या रेडिओतला होता, आणि हे सगळं बसलं होतं आईच्या पापडांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात. खरी अडचण सुरांची होती. प्रत्येक सुरासाठी वेगळा रेझिस्टर लागतो आणि मला हवे तसे रेझिस्टर पेणला मिळत नसत. पण पेन्सिलीची जाड रेघ वीज जाऊ देते, एवढं मला कुठेतरी वाचून माहीत होतं. मग मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर तेरा रेघा ओढल्या. सूर वर हवा असेल तर रेघ गिरवायची, खाली हवा असेल तर थोडी खोडायची. खोडरबराने सूर लावणारा माणूस त्या काळात दुसरा असेल असं मला वाटत नाही.

"अभ्यास करतोस की काय?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"सा खोडतोय."

"बरं, खोड. पण नंतर पापड उलटायला ये."

पहिल्यांदा डब्यातून आवाज निघाला तेव्हा शेजारच्या काकू कोणाचं वासरू कुठे अडकलंय ते बघायला बाहेर आल्या. मला मात्र तो आवाज स्वर्गीय वाटला. मी एक पट्टी दाबली की डबा एकच सूर लांबवत राहायचा, आणि मी तो अंगणात ठेवून समोर बसून राहायचो. अंगणात आईचं वाळवण असे. पोह्याचे पापड, मिरगुंडं, फेण्या. चैत्रात तर पाय ठेवायला जागा नसायची. त्या वाळवणात बसल्यावर मला डब्याचा रोग कळला. ऊन चढलं की सूर चढायचा. सकाळी खालच्या सुरात रडणारा डबा दुपारी बारापर्यंत हळूहळू वर सरकत जाऊन असा किंचाळू लागे की कावळे वाळवणाकडे फिरकत नसत. ट्रान्झिस्टर तापले की असं होतं, हे दहाव्या धड्यात होतं, पण दहावा धडा यायला अजून महिना होता. आईला धड्याची गरज पडली नाही. चार दिवसांत तिने हिशेब बसवला.

"दिगू, डबा ओरडायला लागला. मिरगुंडं उलट."

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात घड्याळ बघून कोणी वाळवण उलटलं नाही. म्हणजे डबा तापला की सूर वर जातो, ही गोष्ट मला माहीत होती, आईला माहीत होती, कावळ्यांनाही माहीत होती. हे मी एवढ्या तपशिलाने लिहितो आहे, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कोणी म्हणू नये.

बाबा गणपतीच्या कारखान्यात रंगारी होते. त्यातही डोळे आखायचं काम त्यांच्याकडे असे. सगळा रंग झाला की शेवटी मूर्तीचे डोळे आखतात, आणि ते काम ज्याचा हात हलत नाही त्यालाच देतात. बाबा घरात फार बोलत नसत. दिवसभर मूर्तींकडे रोखून पाहून झाल्यावर माणसांकडे पाहायचा त्यांना कंटाळा येत असावा. मी डबा रंगवून मागितला तेव्हा ते नुसतं "ठेव" म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबा कारखान्यातून परत आला तो पितांबरी पिवळा, कडेने सोनेरी काठ, बाजूला गुलाबी छटा, आणि समोरच्या बाजूला, स्पीकरच्या जाळीच्या वर, दोन डोळे. मोठे, शांत, पापण्यांसकट.

"बाबा, डोळे कशाला?"

बाबांनी डब्याकडे असं पाहिलं, जणू ते डोळे त्यांनाही आत्ताच दिसत होते. "रंग पुरा झाला," ते म्हणाले. "मग हात थांबत नाही."

माझा मित्र इक्बाल धरमतरकडचा. त्याचा मोठा भाऊ कुवेतला होता आणि त्याने पाठवलेला टेपरेकॉर्डर इक्बाल लहान भावासारखा काखेत घेऊन फिरायचा. त्याने डबा पाहिला आणि दोन पावलं मागे सरकला. "दिग्या, ह्यो माझ्याकडं बगतोय रे!" मग डब्याभोवती चक्कर मारून म्हणाला, "कुठूनपन बगतोय."

आता मामा. माझा मामा नारायण रोह्याला राहायचा. भात आणि वालाची शेती, एक म्हैस, आणि भजन. तिथल्या आळीच्या भजनी मंडळाचा तो बुवा होता, म्हणजे पुढे बसून गाणारा. बाकीचे मागे झील धरत. त्याचा सूर काळी एक. पेटीवरची पहिली काळी पट्टी. त्या पट्टीत तो जन्मभर गात आला होता, शेतात गायचा, गोठ्यात गायचा, आणि पहाटे उठून गायचा तेव्हा मामी चूल पेटवता पेटवता म्हणायची, "उठवा, सगळ्या रोह्याला उठवा." मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, माझा गळा तर पार बेसूर, तरी सुट्टीत गेलो की मामा मला जवळ बसवून घ्यायचा. ऑर्केस्ट्रात जाणार म्हटल्यावर सगळे हसले होते, मामा हसला नव्हता. "जा की," तो म्हणाला होता. "पुढची खुर्ची माझी ठेव."

चैत्रातल्या उत्सवात आळीच्या मारुतीच्या देवळात भजनाची बारी असे. बारी म्हणजे दोन मंडळांचा सामना. आधी एक बुवा गाणार, मग दुसरा, आणि लोक ठरवणार. त्या वर्षी समोर गडबचे हरीबुवा होते. मामापेक्षा जरा तरुण आणि जरा जास्त बोलणारे. बारीच्या आठवडाभर आधी आईला मामाचं कार्ड आलं. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. नवा भाता वेळेत होत नाही. अक्का, तू म्हणत होतीस दिगू वाद्य करतो. त्याचं वाद्य काळी एकचा एक सूर धरून ठेवेल काय? बाकी काही नको.

एक सूर धरून ठेवणं. डब्याला जगातली एकच गोष्ट येत नव्हती आणि मामाने नेमकी तीच मागितली होती. मी उलट टपाली लिहिलं, धरेल.

मनात म्हटलं, सावलीत ठेवला की झालं.

रोह्याच्या एस.टी.त मी डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारी इक्बाल, टेपरेकॉर्डर घेऊन, कारण माझं पहिलं वादन टेप व्हायला हवं होतं. कंडक्टरने डोळे पाहिले आणि चप्पल मागे सरकवली. "कुठल्या कारखान्याचा? सोंड नाय बसवली अजून?" मी त्याला सिंथेसायझर हा शब्द सांगितला. त्याने तिकिटं फाडली आणि पुढे जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. त्यानंतर ड्रायव्हर खड्डे चुकवून चालवू लागला. गडबच्या थांब्यावर एक म्हातारी चढली, तिने डब्याला हात जोडले आणि त्याला उन्हाची तिरीप लागते म्हणून आपला पदर धरून उभी राहिली. नागोठण्याच्या पुढे गाडीला दणका बसला, आतली पिन टेकली आणि डबा रडायला लागला. ड्रायव्हरने हॉर्न अडकला समजून गाडी बाजूला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. मी टोपण फिरवून आवाज बंद केला. ड्रायव्हरने बॉनेट मिटलं आणि हात झटकत म्हणाला, "झाला ठीक." मी काही बोललो नाही. आज वाटतं, माझ्या गप्प बसण्याची सुरुवात तिथेच झाली.

मामीने आम्हाला पन्हं दिलं आणि डब्याला पाट दिला. मामाने पट्टी दाबून सूर ऐकला. माजघरात गारवा होता, मी घरून रेघ नीट खोडून आणली होती, डबा अगदी काळी एकमध्ये रडला. मामा डोळे मिटून ऐकत राहिला. "वासरागत हाय," तो म्हणाला, "पन खरा हाय."

बारी दुपारी चारची. देवळाच्या सभामंडपाला पत्रे होते. मी डबा सर्वांत सावलीच्या खांबाशी ठेवला, मामाच्या उजव्या हाताला. मृदंगावर काशिनाथदादा होते. ते मामाच्याच वयाचे. मृदंगाच्या डाव्या बाजूला कणकेचा ओला गोळा थापून आणि उजव्या बाजूला हातोडीने ठोकून ते वाद्य सुरात लावतात. दादांनी डब्याच्या सुरावर मृदंग लावला, मान डोलावली. सगळं ठीक होतं. आणि मग मामी ताट घेऊन आली.

बारीच्या आधी वाद्यांची पूजा होते. मृदंगाला हळदकुंकू, टाळांना हळदकुंकू. डब्यापाशी येऊन मामी थांबली, आणि तिने डब्याच्या कपाळावर, डोळ्यांच्या बरोबर मध्ये, कुंकू लावलं.

"मामी, यंत्र आहे ते."

"मग? डोळे हायत ना त्याला?" मामीने हार घातला. आळीतल्या बाया पुढे झाल्या, एकीने फूल ठेवलं, दुसरीने अक्षता टाकल्या. "तुज्या बापाच्या हातचे डोळे. त्यांच्यासमोर दिवा नाय लावायचा, तर कोनासमोर?" आणि तिने समई आणली. मंडपात वारा होता. समई विझू नये म्हणून मामीने ती डब्याला चिकटून, डब्याच्या आडोशाला ठेवली. पाच वाती.

इक्बाल माझ्या कानाशी आला. "दिग्या. दिवा."

मला दिसत होता. मला आमचं अंगण दिसत होतं, मिरगुंडं दिसत होती. पण त्या वेळी पन्नासेक माणसं माझ्या हातच्या वस्तूसमोर हात जोडून उभी होती. आयुष्यात तोवर माझ्या हातचं कोणी काही दोनदा पाहिलं नव्हतं.

"असू दे," मी म्हटलं.

मामाने सुरुवात केली. पहिला अभंग काळी एकमध्ये, भरलेल्या आवाजात. लोक सरसावून बसले. दुसऱ्या अभंगाला काशिनाथदादांनी वाजवतावाजवताच हातोडी घेऊन मृदंगाला दोन ठोके दिले. त्यांना वाटलं, मृदंग उतरला. जरा वेळाने पुन्हा दोन. मग त्यांनी डाव्या बाजूची थोडी कणीक काढून मांडीवर ठेवली. सूर एकदम उडी मारून वर गेला असता तर मामाला तत्काळ कळलं असतं. तो केसाकेसाने वर जात होता, आणि मामाचा कान इतका पक्का की तो केसाकेसाने त्याच्या मागे जात होता. बेसूर माणूस वाचला असता. मामाच्या कपाळाच्या शिरा टरारल्या. मागचे झीलकरी मानेवर गळू पिकल्यासारखे माना वर करून गाऊ लागले. लोकांना वाटलं, बुवा आज रंगात आले. "वा बुवा!" कोणीतरी ओरडलं. काशिनाथदादांनी आणखी कणीक काढली. मांडीवर आता चार गोळे झाले होते आणि ते मृदंग वाजवतात की पोळ्यांची तयारी करतात ते कळेना.

मी सूर वरखाली करायच्या टोपणाकडे हात नेला. थोडं उलटं फिरवलं असतं तरी भागलं असतं. पण टोपण तापून सैल झालं होतं, ते माझ्या हातात आलं. मी टूथपेस्टचं टोपण मुठीत धरून बसलो आणि डब्याचे दोन डोळे पाच वातींच्या उजेडात समोर शांतपणे बघत राहिले.

शेवटच्या अभंगात एक जागा होती, जिथे मामा आवाज वरच्या सप्तकात नेऊन तिथे ठेवत असे. लोक तिचीच वाट बघत असत. मामाने डोळे मिटले, हात वर नेला, आवाज चढवला, आणि तो फाटला. कुकरची शिट्टी पूर्ण वाजायच्या आधी जशी फसफसते तसा आवाज आला. पोरं हसली. मामाने पुन्हा उचलला, पुन्हा तसंच. मग तो थांबला. टाळ थांबले, मृदंग थांबला, आणि त्या शांततेत एकटा डबा हार घालून किंचाळत राहिला.

"बुवा," समोरून हरीबुवा म्हणाले, "मारुतीला काय पत्र्यावर बसवलाय? खाली हाय तो."

मंडप हसला. बारी हरीबुवांनी जिंकली, स्वतःच्या पेटीवर, आरामात बसून.

नंतर देवळाच्या पायरीवर मामा माझ्याशेजारी येऊन बसला. त्याचा आवाज बसला होता. त्याने मला विचारलं, आणि रागाने नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं, "दिगू, तुज्या यंत्राचा सूर हलला काय रं?"

मी म्हटलं, "नाही मामा. यंत्र आहे ते. विजेवर चालतं. विजेचा सूर हलत नसतो."

मामाने मान हलवली. "व्हय. यंत्र कशाला खोटं बोलंल?" थोडा वेळ तो पायरीवरचं गवत उपटत राहिला. "मंजे माजाच गेला. काळी एक झेपली नाय मला, दिगू. माजी काळी एक."

त्या संध्याकाळी उत्सवाच्या जेवणात वालाचं बिरडं होतं. मामीच्या हातच्या बिरड्यावर मामा दोन वाट्या जास्त भात जेवत असे. त्या दिवशी त्याने ते दुसऱ्यांदा घेतलं नाही. पुढच्या शनिवारी देवळात मंडळ बसलं तेव्हा त्याने स्वतः उठून आपली जागा एका तरुण मुलाला दिली आणि टाळ घेऊन मागे झीलकऱ्यांत जाऊन बसला. घरातलं गाणंही थांबलं. पुढे कधी गेलो की मामी म्हणायची, "आता पाटेला म्हस तेवडी बोलते."

पेणला परत आल्यावर मी आणि इक्बालने बारीत टेप केलेली कॅसेट शेजारच्या मास्तरांच्या पेटीवर ताडून पाहिली. पहिला अभंग काळी एक. दुसरा पांढरी दोनच्या आसपास. मग काळी दोन, मग पांढरी तीन. शेवट पांढरी चार. इक्बाल बराच वेळ पेटीच्या पट्ट्या मोजत राहिला, मग म्हणाला, "दिग्या, तुजा मामा पडला नाय. चार घरं वर चढून मग पडला. बोल त्याला."

"बोलतो," मी म्हटलं.

इक्बाल पुढे भावाकडे कुवेतला गेला. दर सुट्टीला यायचा, अत्तर आणायचा, खजूर आणायचा, आणि चहा यायच्या आत विचारायचा, "बोललास?" मी म्हणायचो, आता गणपती झाले की. आता भात कापून झालं की. आता मामीचं मोतीबिंदूचं झालं की. एका वर्षी त्याने विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं, डब्यावरच्या डोळ्यांसारखं. ते जास्त वाईट होतं. डबा मी केव्हाच मोडून त्याचे भाग वापरून टाकले होते. पत्रा मात्र टाकवला नाही. दुकानात त्यात स्क्रू ठेवतो. डोळे भिंतीकडे.

शेवटी मला बोलतं केलं ते मामाच्या कानांनी. ऐंशीच्या घरात पोचल्यावर त्याला ऐकू कमी येऊ लागलं आणि डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते शिट्टी मारायचं. मामा ते घेऊन एस.टी.ने एकटा पेणला माझ्या दुकानात आला. म्हटलं, मामा, हे ज्यांचं आहे त्यांच्याकडे दाखवायला हवं. "नको," तो म्हणाला. "तूच बग. तुजं यंत्र खोटं बोलत नाय." आणि त्याने ते रुमालातून काढून माझ्या हातात ठेवलं.

मी ते साफ केलं, त्याचा रबरी बोळा बदलला, आणि पुढच्या रविवारी कानयंत्र, कॅसेट आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन रोह्याला गेलो. मामा-मामी पडवीत मोड आलेले वाल सोलत बसले होते. मीही बसलो. भिजलेला वाल दोन बोटांत दाबला की सालातून सुटून उडतो. माझे अर्धे म्हशीकडे गेले. मामाने यंत्र कानात घातलं, ऐकू येतंय म्हणाला. मग मी काहीच न सांगता कॅसेट लावली.

मामाने स्वतःचा आवाज ओळखला आणि हात थांबवला. मी आतून पेटी आणून त्याच्यासमोर ठेवली. नवा भाता कधीच बसवला होता, वाजवत मात्र कोणी नव्हतं. त्याने ओल्या हाताने पट्टी दाबली. "काळी एक," तो म्हणाला. कॅसेट पुढे गेली. त्याचं बोट पुढच्या पट्टीवर गेलं. मग पुढच्या. मग पुढच्या. मामी वाल सोलायची थांबली. काशिनाथदादांची हातोडी ऐकू आली तेव्हा मामा एकदम माझ्याकडे बघायला लागला.

"ही पांडरी चार हाय. हितं कोन गातंय?"

"तुम्हीच."

"मी पांडरी चारला?"

"हो मामा."

त्याने कॅसेट मागे घ्यायला लावली आणि आवाज फाटायच्या आधीची ती जागा तीनदा ऐकली. मग मी सगळं सांगितलं. वाळवण, कावळे, समई, टोपण, पायरी. मामीने तोंडावर पदर घेतला. "मंजे माज्या समईनं?"

"समईचं काही नाही मामी. मला माहीत होतं. मी म्हटलं, असू दे."

मामाने पुढ्यातला सोललेल्या वालांचा पसा उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. मग मामीला म्हणाला, "भरून घे गो ते, बिरडं कमी पडंल." आणि मला म्हणाला, "घरात बोलून भागायचं नाय. मी देवळात उटलो होतो. तू पन देवळातच बोल."

दोन दिवसांनी मामीचा फोन आला. "पाटे चारला उटवलंन मला," ती म्हणाली. "मेला गातोय." तिला रडू येत होतं की हसू, ते मला फोनवर कळलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मंडळ बसलं. पत्र्यांच्या जागी आता स्लॅब आहे. काशिनाथदादा मृदंग घेऊन नातवाच्या आधाराने आले होते. हरीबुवाही थकले होते, पण बोलावणं कशासाठी आहे हे कळल्यावर गडबहून कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले. इक्बाल सुट्टीवर होता; तो सर्वांच्या पुढे बसला होता. मामा पुढच्या जागेवर बसला, पेटी ओढली, कानातलं यंत्र नीट केलं, आणि काळी एक दाबून धरली.

"ह्या सुरात बोल," तो म्हणाला.

मी हात जोडले. "मामा, त्या दिवशी सूर माझ्या डब्याचा हलला होता. तुमचा नाही. मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ करा."

काशिनाथदादांचा हात हातोडीकडे गेला. हरीबुवा खाली बघून हसले. मामाने पट्टी सोडली नाही.

"वर गेलास," तो म्हणाला. "खाली ये, आनि पयल्यापासून बोल."

मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मामा, माझं चुकलं.